सरकते पान आणि वाचकाचा हात



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विचारले, 'यंदा इतिहासावर बोलाल का?' तेव्हा मी हो म्हणालो ते मागाच्या भरवशावर. पंधराव्या वर्षी मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात लागलो. शाळा तेथेच सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. मागाचा इतिहास झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन, अशी माझी घमेंड होती. परंतु त्याच आठवड्यात कचेरीत एक प्रकार घडला आणि माझा विषय बदलला. पुरता बदलला असे नाही. माग त्यात आहेच, पण तो मध्ये येईल.

आमच्या कचेरीत हल्ली गिरणीचा कामगार कमी येतो आणि पाठीवर चौकोनी पिशवी घेतलेला पोरगा जास्त येतो. घरोघर जेवण पोचवणारी ही पोरे. त्यातला एक आला आणि म्हणाला, "काका, थांबण्याचे पैसे बंद केले." हॉटेलात जिन्नस तयार होईपर्यंत ही पोरे दारात ताटकळतात, त्या वेळेचे पूर्वी थोडेबहुत पैसे मिळत, ते बंद झाले. त्याने कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले की, नव्या अटी तुम्ही शेवटपर्यंत वाचून मान्य केल्या आहेत.

"वाचल्या होत्यास का रे?" मी विचारले.

तो हसला. योगायोगाने त्याच दिवशी अटींची आणखी एक दुरुस्ती त्याच्या मोबाइलवर येऊन पडली होती, ती त्याने माझ्यापुढे धरली. लांबलचक पान, बारीक अक्षर. तळाशी 'मान्य' असे बटण. पण ते राखाडी, दाबले तर दबत नाही. "आता बघा काका," असे म्हणून त्याने अंगठ्याने पान वर भिरकावले. एकदा, दोनदा, तीनदा. अक्षरे झरझर वर निघून गेली, पानाचा तळ लागला, आणि राखाडी बटण हिरवे झाले.

आता आपण म्हणाल, यात इतिहास कोठे आहे? मला तो त्या हिरव्या होण्यात दिसला. पान कोठवर सरकले हे त्या बटणाला कोणी सांगितले? वाचणाऱ्याच्या बोटाची हालचाल पानाला कळू लागली ती कधीपासून, आणि कळू लागल्यावर पानाने त्या ज्ञानाचे काय केले? आज आपण सर्वच जण दिवसातून शंभर वेळा हा अनुभव घेतो. पान खाली सरकवले की मथळ्याची पट्टी वर चिकटून राहते. चित्र नजरेच्या टप्प्यात आले की मगच उमटते. 'किती वाचून झाले' हे दाखवणारी रेघ वाढत जाते. तळ जवळ आला की आणखी मजकूर खालून येतो. या साऱ्याला मोठा पूर्वेतिहास आहे, आणि माझ्या मते तो एका जुन्याच भांडणाचा इतिहास आहे. चाल कोणाच्या हातात, हे ते भांडण. कामगार चळवळीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला हे भांडण नवे नाही.

इंग्रजीत 'स्क्रोल' म्हणजे भेंडोळे; पोरांनी तोच शब्द उचलला आणि त्याचे क्रियापद केले. आपल्याकडे भेंडोळी काही कमी नव्हती. मोडी लिपीतली जुनी पत्रे लांब कागदी पट्ट्यांवर लिहीत आणि गुंडाळून ठेवीत. वाचणारा एका हाताने उलगडी आणि दुसऱ्या हाताने गुंडाळी. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मजकूर संपला की तेथे अखेरची खूण असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा उमटवलेली असे; म्हणजे पत्राची मर्यादा येथे झाली, यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द याच व्यवहारातून आला. भेंडोळ्याला शेवट असतो, आणि शेवटावर लिहिणाऱ्याचा शिक्का असतो. ही गोष्ट पुढे कामास येणार आहे.

चीनमध्ये या भेंडोळ्यांवर चित्रे काढीत. बाराव्या शतकातल्या झांग झेदुआन या चित्रकाराचे नदीकाठच्या शहराचे एक चित्र बीजिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. उंचीला वीतभराहून थोडे अधिक आणि लांबीला पाच मीटरांहून जास्त. ते भिंतीवर टांगून एकदम पाहायचे नसते. उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभर उलगडायचे. आधी शेते, मग होड्या, मग माणसांनी गजबजलेला पूल, मग वेस आणि बाजार. पाहणारा थांबला की शहर थांबते. त्याला वाटले तर तो मागे जाऊन होडी पुन्हा पाहील. चाल सर्वस्वी त्याच्या मनगटात.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. अमेरिकेत जॉन बॅनव्हर्ड नावाच्या माणसाने १८४६ साली मिसिसिपी नदीचे एक प्रचंड चित्र कापडावर रंगवून लोकांना दाखवायला सुरुवात केली. दोन उभ्या रुळांवर कापड गुंडाळलेले. एका रुळावरून सुटायचे, दुसऱ्यावर चढायचे, आणि समोर तिकीट काढून बसलेल्या माणसांना आपण बोटीतून नदीने चाललो आहोत असे वाटायचे. जाहिरातीत कापड तीन मैल लांब म्हणून सांगत. प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळच आखूड होते, पण जाहिरात ही जाहिरातच. १८४८ साली हा खेळ लंडनला गेला आणि पुढच्या वर्षी राणी व्हिक्टोरियानेही तो पाहिला. चित्र सरकतेच आहे, पण रूळ फिरवणारा पाहणाऱ्याहून वेगळा. एखादे गाव आवडले म्हणून प्रेक्षकाला तेथे थांबता येत नाही. झांगचे चित्र आणि बॅनव्हर्डचे चित्र यांत मला हाच मोठा फरक वाटतो, आणि आजच्या पानांतही हे दोन्ही प्रकार नांदत आहेत.

आता माग. फ्रान्समध्ये ल्यों येथे रेशमाचे विणकर होते. नक्षीचे कापड विणायचे तर कोणते उभे धागे उचलायचे हे दर आडव्या धाग्याला बदलावे लागते, आणि ते दोऱ्या ओढून बदलण्यासाठी विणकराजवळ एक पोर लागे. दिवसभर वाकून दोऱ्या ओढणारे पोर. १७२५ साली बाझिल बूशों याने या कामासाठी भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी वापरून पाहिली. लक्षात घ्या, गुंडाळी. म्हणजे पुन्हा भेंडोळेच. तीन वर्षांनी फाल्कन याने कागदाऐवजी पुठ्ठ्याचे पत्ते एकमेकांना ओवून त्यांची माळ केली. या आणि अशा खटपटींतून झोझेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास जो माग उभा केला तो जगभर गेला, आणि सोलापूरच्या चादरीत आला. पुढे १८३९ साली खुद्द जॅकार्डचे चित्र रेशमात विणले गेले, त्याला चोवीस हजार पत्ते लागले. त्याची एक प्रत गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजच्या घरी होती. आजचा संगणक आणि आमचा माग यांचे नाते हे असे आहे; मी ओढूनताणून जोडलेले नाही.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. ल्योंच्या विणकरांनी १८३१ च्या नोव्हेंबरात उठाव केला तो यंत्र मोडण्यासाठी, असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हे. विणाईचा किमान दर ठरला होता आणि काही व्यापाऱ्यांनी तो पाळायला नकार दिला; भांडण दराचे होते. दोऱ्या ओढणाऱ्या पोराचे काम यंत्राने घेतले याबद्दल मी तरी डोळ्यांतून पाणी काढणार नाही.

तर जॅकार्डचा माग चालतो कसा? मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पत्त्यांची माळ असते. एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. धोटा इकडून तिकडे गेला की माळ एक पत्ता पुढे सरकते. पत्त्यावर भोक असेल त्या जागचा उभा धागा उचलला जातो, नसेल त्या जागचा खाली राहतो. असे शेकडो पत्ते गेले की चादरीवर एक फूल उमटते. यातली मेख अशी की, फूल घड्याळाबरोबर उमलत नाही. कापड जेवढे पुढे सरकले तेवढे उमलते. माग थांबला, फूल थांबले. मधला धागा तुटून नक्षी चुकली तर पत्ते हाताने उलटे फिरवायचे, चुकलेले धागे काढायचे, आणि फूल जेथे बिघडले तेथून पुन्हा विणायचे. बदल काळाशी बांधलेला नाही, अंतराशी बांधलेला आहे. सरकत्या पानाचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात आले.

आता पडद्यावरच्या पानाकडे येऊ. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत १९८९ साली कल्पना मांडली आणि दोनएक वर्षांत वेबची पहिली पाने तयार झाली. ती साधी होती. अक्षरे आणि दुवे. वाचणाऱ्याने ती खाली सरकवली तरी पानाला त्याची वार्ता नव्हती, जशी आपल्या हातातल्या पुस्तकाला नसते. गंमत अशी की, त्या काळात लोक पान खाली सरकवतच नसत. वेबच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सन यांना १९९४ च्या सुमारास दिसले की पडद्यावर दिसते त्याच्या खाली जाणारा दहांत एखादाच. तीन वर्षांत त्यांनी आपले मत बदलले. लोकांना सवय झाली होती. माउसला बोटाने फिरवायचे चाक १९९६ साली मायक्रोसॉफ्टने लोकप्रिय केले, त्याचाही त्यात वाटा असावा.

पानाला जाणीव आली ती १९९५ नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक भाषा रचली, तिला पुढे जावास्क्रिप्ट हे नाव मिळाले. पान उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये ही भाषा बसवल्यावर पानावर काय घडते आहे हे पानातच लिहिलेल्या सूचनांना कळू लागले. आधी बटण दाबले एवढे कळे. १९९७ साली नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्या ब्राउझरांच्या चौथ्या आवृत्त्या आल्या, आणि पानाचा एखादा तुकडा उचलून हलवणे, लपवणे, पुढे आणणे शक्य झाले. मग 'वाचक दोनशे ओळी खाली आला, तर ही पट्टी दाखव' असे सांगता येऊ लागले.

हे घडते कसे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर आहे. पान सरकले की ब्राउझर आतल्या आत हाक देतो: सरकले, सरकले, सरकले. पडदा साधारणपणे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे एका रंगवणीला एका सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्या अवधीत हाक ऐकायची, पान किती सरकले ते मोजायचे, काय बदलायचे ते ठरवायचे आणि बदलायचे. ज्याने ही सूचना लिहिली त्याने दर हाकेला मोठे काम लावले, की रंगवणी चुकते, पान अडखळते आणि बोटाच्या मागे राहते.

याचा प्रसिद्ध दाखला २०११ च्या जानेवारीतला. ट्विटरचे पान खाली सरकवताना इतके जड झाले की माणसे कंटाळली. पान सरकल्याच्या दर हाकेला सूचनांचा एक गठ्ठा धावत होता आणि प्रत्येक वेळी साऱ्या पानात शोधाशोध करीत होता. जॉन रेसिग या जाणकाराने त्याची चिकित्सा लिहिली आणि साधा उपाय सांगितला: हाकेला थेट काम लावू नका, हाक आली एवढी खूण करून ठेवा, आणि सेकंदाच्या चौथ्या भागाने एकदा पाहा की खूण झाली आहे का. कारखान्यात जॉबरला दर मिनिटाला हाका मारणारा नवखा कामगार आणि चार गोष्टी साठवून एकदम सांगणारा जुना कामगार, यांतला हा फरक.

पुढे २०१६ साली ब्राउझरांतच नवी सोय आली. 'किती सरकले' हे सारखे विचारीत बसण्याऐवजी 'हे चित्र नजरेच्या टप्प्यात आले की मला सांग' एवढे एकदा सांगून ठेवायचे. ज्यांनी ड्रॉपर बसवलेला माग पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. विणकराला हजारो धाग्यांवर डोळे लावून बसावे लागत नाही. आणि २०२३ च्या जुलैत गूगलच्या ब्राउझरमध्ये अशी तजवीज आली की पानावरच्या एखाद्या आकृतीचा बदल थेट पान सरकण्याशी बांधता येतो, मध्ये जावास्क्रिप्टची गरजच नाही. पान खाली न्या, आकृती उलगडते, वर न्या, मिटते, थांबा, थांबते. मी हे प्रथम पाहिले तेव्हा मला पत्त्यांची माळ आठवली. जॅकार्डला जे माहीत होते तेथे पडदा सव्वादोनशे वर्षांनी येऊन पोचला.

या विद्येचा उत्तम उपयोग कोणी केला, असे विचाराल तर मी न्यूयॉर्क टाइम्सचे नाव घेईन. २०१२ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या डोंगरात बर्फाचा कडा कोसळून तीन माणसे दगावली. जॉन ब्रँच या बातमीदाराने त्यावर दीर्घ वृत्तांत लिहिला आणि तो त्या वर्षीच्या डिसेंबरात 'स्नो फॉल' या नावाने प्रसिद्ध झाला. वाचक मजकूर खाली सरकवतो तसा योग्य जागी डोंगराचा नकाशा पुढे येतो. माणसे कोणत्या उतारावर उभी होती, कडा कोठून सुटला, हे नजरेपुढे घडते. पुढच्या वर्षी या लेखनाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. नकाशा शोभेसाठी नव्हता. त्याच्यावाचून मजकूर नीट समजला नसता.

पण यश आले की नक्कल येते. मग दुकानांच्या आणि मोटारींच्या जाहिराती सरकू लागल्या, आणि कारागिरांना एक वाईट खोड लागली. बोटाने पान एक वीत ढकलले तर ते एक वीतच जावे, हा साधा करार. नव्या पानांनी तो मोडला. आपण ढकलतो एक वीत, पान जाते पूर्ण पडदाभर, आणि आमची चित्रफीत पाहून होईपर्यंत पुढे हलायला नकार देते. याला त्या धंद्यातलीच माणसे 'स्क्रोल-जॅकिंग' म्हणतात, विमान पळवावे तसे पान पळवणे. चिनी चित्र दाखवतो म्हणून बोलावले आणि बॅनव्हर्डच्या खुर्चीत बसवले. मागाची चाल मालकाने परस्पर वाढवली की कामगाराच्या अंगात जी चीड उठते, तीच मला अशा पानावर येते.

काहींना नुसती चीड येत नाही, घेरी येते. ज्यांच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा नाजूक आहे, त्यांना पडद्यावर मागचे चित्र हळू आणि पुढचे वेगाने सरकताना पाहून मळमळते. २०१३ साली ॲपलच्या मोबाइलांवर अशा हालचाली वाढल्या तेव्हा तक्रारी झाल्या; हालचाल कमी करण्याची कळ ठेवलेली होती, तिचा उपयोग लोकांना कळू लागला. २०१७ साली ॲपलच्या ब्राउझरमध्ये पानालाही ते विचारता येऊ लागले: या वाचकाने हालचाल नको म्हटले आहे का? ज्या पानाला बोटाची हालचाल कळते, त्याला माणसाची तक्रारही कळवता येते. मात्र ती विचारायची की नाही हे पान रचणाऱ्यावर आहे.

आता त्या अखेरच्या मुद्रेकडे वळतो. २००६ साली आझा रास्किन या तरुणाने असे पान रचले की तळ जवळ आला की पुढचा मजकूर आपोआप येऊन जोडला जाई. 'पुढचे पान' हे बटण दाबण्याची कटकट वाचावी, एवढाच त्याचा हेतू होता. त्याचे वडील जेफ रास्किन यांनी ॲपलमध्ये मॅकिन्टॉश संगणकाचे काम सुरू केले होते; माणसाचे कष्ट कमी व्हावेत ही त्या घरातली शिकवण. पुढच्या वर्षी ॲपलचा आयफोन आला. बोटाने भिरकावताच त्यातली यादी गतीने सरके आणि टोकाला रबरासारखी ताणून परत येई. या दोन गोष्टींची गाठ पडली आणि पानाचा तळच नाहीसा झाला. भेंडोळे आहे, मर्यादा नाही. रास्किन यांनी पुढे आपल्या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ती प्रांजळ होती असे मी मानतो; पण मजकूर जोडत राहण्यात ज्यांचा नफा होता त्यांना खंत वाटण्याचे कारण नव्हते.

येथे हिशेब येतो. पान कोठवर सरकले हे पानाला कळते, आणि ते मालकालाही कळवता येते. पानांची मोजदाद करण्यासाठी गूगलचे जे साधन २०२० सालापासून चालू आहे, त्यात अशी नोंद तयारच मिळते: वाचक पानाच्या उंचीच्या ९० टक्क्यांपर्यंत खाली पोचला की एक टिंब पडते. त्याला अर्थ कळला काय, तो ओळी वाचत गेला की भिरकावत गेला, हे त्या टिंबात नसते. सरकले एवढेच असते. आमच्या कारखान्यात मास्तर घड्याळ घेऊन मागापाशी उभा राही आणि आडवे धागे मोजी. धागा कसा पडला हे न पाहता किती पडले हे लिहून नेई. त्या आकड्यांवर दर ठरत.

तर सरकले म्हणजे वाचले काय? हा प्रश्न एकदा न्यायालयापुढे गेला आहे, आणि गंमत पाहा, प्रतिवादी नेटस्केप कंपनीच होती; जिच्या घरात जावास्क्रिप्ट जन्मली तीच. तिने एक साधन फुकट उतरवून घ्यायला दिले होते. ते साधन आपण काय काय उतरवतो याची माहिती कंपनीला परस्पर पाठवते, अशी काही वापरणाऱ्यांची तक्रार होती. कंपनी म्हणाली, तुम्ही आमच्या अटी मान्य केल्या आहेत, त्यांत लवादाची अट आहे, तेव्हा न्यायालयात येऊ नका. प्रत्यक्षात उतरवून घेण्याचे बटण पानाच्या वरच्या भागात होते आणि अटींचा उल्लेख त्या बटणाच्या खाली, पान सरकवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी निकाल दिला. तो सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. पुढे २००९ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकालाचा आशय असा की, बटण वरच मिळाले असता माणूस आणखी खाली सरकून पाहील असे धरता येत नाही. जे दिसले नाही त्याला मान्यता दिली असे म्हणता येत नाही. कंपनीची लवादाची मागणी फेटाळली गेली.

वापरणाऱ्यांचा विजय झाला. पण कायदा एक दार लावतो तेव्हा धनिकांचे वकील दुसरे उघडतात, हे आम्ही संपांच्या काळात पुरेसे पाहिले आहे. बटण वर ठेवल्याने हरलो ना? मग बटण तळाशी ठेवा, आणि माणूस खाली सरकल्याशिवाय ते उघडूच नका. अमेरिकेत अशा कराराला नावही पडले. २०१५ साली न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी एका निकालात पडद्यावरच्या करारांचे चार प्रकार सांगितले, त्यांत एक 'स्क्रोल-रॅप'. म्हणजे मजकूर खाली सरकवल्यावर मान्यता. ज्या युक्तीने डोंगरावरचा कडा कसा कोसळला हे वाचकाला समजले, तीच युक्ती येथे राखाडी बटण हिरवे करते. यंत्र तेच आहे.

आमच्या पोराचे प्रकरण या प्रकारात बसते. तो अमेरिकन नागरिक नाही आणि तेथला निकाल आपल्या न्यायालयाला बंधनकारक नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आम्ही कंपनीला पत्र घातले आणि दोन गोष्टी मागितल्या: पान कधी उघडले याची वेळ, आणि बटण कधी दाबले याची वेळ. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले, त्यात दोन्ही वेळा होत्या. दोहोंत अकरा सेकंदांचे अंतर.

मी ते अटींचे पान छापखान्यात नेऊन कागदावर काढले, सत्तावीस पाने भरली. इंग्रजीत आहेत. पोरगा रात्री काम आटोपल्यावर कचेरीत येतो आणि आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन बसतो. काल सातव्या पानावर होतो. थांबण्याच्या पैशांची अट अजून सापडलेली नाही. कामगार आयुक्तांच्या कचेरीत पुढची तारीख या महिन्याच्या अखेरीस आहे. श्रोत्यांमध्ये वकील मंडळी बसलेली मला दिसत आहेत. करारांच्या कायद्याचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपा करून मला खाली गाठावे. ती सत्तावीस पाने मी पिशवीत आणली आहेत.